मदत हवी आहे: इशापूरची १९४२ ची थ्री नॉट थ्री, नो-गो गेजवरही बोल्ट बंद होतो. बार काढावा का?

सस्केहानाकाठी:

मंडळी, नमस्कार. मुक्काम पेनसिल्व्हेनिया. जुन्या लष्करी रायफली हाताळलेले, किंवा तिकडे पोलिसात-लष्करात शस्त्रागार सांभाळलेले कोणी इथे असतील तर सल्ला हवा आहे. बंदूक बाळगावी की नाही हा वाद कृपया या धाग्यावर नको. त्याला राजकारणाचा विभाग मोकळा आहे.

रायफल एसएमएलई (आखूड ली-एनफिल्ड) नंबर १ मार्क ३*. दस्त्याच्या सॉकेटवर उजव्या बाजूला मुकुट, जीआरआय (राजा जॉर्जची अक्षरं), इशापूर (बंगालमधला रायफल कारखाना), १९४२. पुढच्या लाकडातून, मॅगझिनच्या पुढे, आडवा स्क्रू गेलेला आहे. नळीत आटे स्पष्ट दिसतात, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे थोडे बारीक खड्डे आहेत. रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावरचा) नंबर आणि बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीमागचा नंबर जुळत नाही. विकणारा म्हणाला, "भारतातून आलेल्या बऱ्याच अशाच असतात." खरं असेलही, पण तो विकणारा.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा, तपासायला गेज (मापाचे ठोकळे) आणले. गो वर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये. बोल्ट हेडवरचा (बोल्टच्या पुढच्या सुट्या टोकावरचा) एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढणारा आकडा, काढून, मूठ फक्त दोन बोटांनी खाली ढकलत बघितलं. गो गेज ०.०६४ इंचाचा, त्यावर बोल्ट अलगद बंद. माझ्याकडच्या नो-गोवर ०.०६७ कोरलेलं आहे, त्यावरही बंद होतो, शेवटी किंचित घासल्यासारखा. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या मेंबरने त्याच्याकडचा ०.०७४ चा दिला, त्यावर मात्र मूठ एक तृतीयांश वर असतानाच अडते.

म्हणजे एका मापाने नापास, दुसऱ्याने पास. कुठलं धरायचं? नुसतं बोल्ट हेड बदलून भागेल का?

दुसरं, रायफलबरोबर कापडी बँडोलियरमध्ये (काडतुसांच्या पट्ट्यात) चार्जरला, म्हणजे पत्र्याच्या क्लिपला, लावलेली काडतुसं मिळाली. बुडावर के, एफ आणि ७. म्हणजे आपल्या खडकीची! मामा त्याच कारखान्यात होते, त्यामुळे जरा भरून आलं. ती वापरता येतील का?

गल्लीतला_तज्ज्ञ:

एवढी महायुद्धं झेललेली रायफल आहे, तुमच्या चार गोळ्यांनी काय होणार. गेजबिज सोडा, काडतुसाच्या बुडाला सेलोटेपचे दोन-तीन थर लावून बोल्ट बंद होतो का बघा. झाला नाही तर बिनधास्त उडवा.

शस्त्रागार_नागपूर:

तज्ज्ञसाहेब, जिवंत काडतूस घरात चेंबरला घालून मापं घ्यायची नसतात. एसआरपीत आर्मरर म्हणून नोकरी काढली, असा सल्ला तिथे कोणी दिला असता तर त्याचा जवाब नोंदवून घेतला असता.

सस्केहानाकाठी, आधी गेज बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघून सांगा. पहिली, रिसीव्हरवर, नळीवर किंवा दस्त्यावर कुठे डीपी ही अक्षरं आहेत का? ड्रिल पर्पजची रायफल फक्त कवायतीसाठी असते. एनसीसीत "बाजू शस्त्र", "सलामी शस्त्र" ज्यांच्यावर शिकलात, त्यातल्या बऱ्याच याच जातीच्या. गेज पास झाला तरी तिच्यातून गोळी सोडायची नाही. कुठे भोक पाडून वेल्डिंगने बुजवलेलं दिसलं तर तोच अर्थ.

दुसरी, पुढच्या लाकडावर कधीकाळी तांब्याची तार गुंडाळल्याच्या खुणा आहेत का? ग्रेनेड फेकायला वापरलेल्या रायफलींना अशी तार गुंडाळायचे. नळीने आणि बोल्टने नेहमीच्या गोळीपेक्षा वेगळाच मार खाल्लेला असतो. माझी असती तर भिंतीवर लावली असती.

तुमचा आडवा स्क्रू मात्र निरुपद्रवी आहे. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरने तो नंतर बसवायला घेतला.

आता माप. ०.०६४ आणि ०.०७४ ही ब्रिटिश लष्कराची जोडी, आम्हीही तीच वापरली. ०.०७४ वर बोल्ट बंद झाला तर रायफल दुरुस्तीला. तुमचा ०.०६७ चा गेज नव्या, व्यापारी बंदुकीच्या हिशोबाने बनवलेला, म्हणून कडक. वापरलेली लष्करी रायफल त्यावर बंद होणं यात नवल नाही. म्हणजे निव्वळ हेडस्पेसच्या मापात तुम्ही पास आहात.

पण मला काळजी त्या न जुळणाऱ्या बोल्टची वाटते. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. डावीकडे छोटा लग (अडकणारा उंचवटा), उजवीकडे लांब बरगडी, दोन्ही रिसीव्हरवर एकाच वेळी टेकायला हवेत. कारखान्यात किंवा शस्त्रागारात ते घासून जुळवलेले असतात, म्हणून तर दोन्हीकडे एकच नंबर. दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसवला की कधी कधी सगळा भार एकाच बाजूवर येतो, आणि गेजला त्याचा पत्ताच लागत नाही. गेज एवढंच सांगतो की समोर मोकळी जागा किती.

तपासायचं असं. बोल्टमधली स्प्रिंग आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) काढून टाका, म्हणजे मागून रेटा राहणार नाही. लग आणि बरगडीच्या मागच्या टेकणाऱ्या कडांना काळा मार्कर लावा. ०.०६७ च्या गेजच्या मागे सेलोटेपचा एक तुकडा चिकटवा (टेपची हौस इथे भागवा), बोल्ट हलका घट्ट बंद होईल. चार-पाच वेळा उघडझाप करा आणि शाई कुठे पुसली ते बघा.

रीलोडर_ऑस्टिन:

काकांनी रायफलची बाजू सांगितली, मी पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) सांगतो. थ्री नॉट थ्रीत अर्धा घोळ तिथेच असतो.

हे रिमवालं (बुडाला बाहेर आलेली कड असलेलं) काडतूस. नळीच्या मागच्या तोंडाशी रिम टेकते आणि तिच्यामागे बोल्ट. गेज रिमच्या जागेची उंची मोजतो. पण तुम्ही चेंबरला गेज घालून गोळी झाडत नाही, काडतूस घालता, आणि नव्या काडतुसांच्या रिम बऱ्याचदा पातळ असतात. माझ्याकडच्या एका खोक्यात कॅलिपरने ०.०५८ च्या आसपास भरल्या. तुमची जागा ०.०६८ धरली तर प्रत्यक्षात ०.०१० इंच मोकळं. अगदी ०.०६४ ची रायफल असती तरी ०.००६ राहिलंच असतं.

फायरिंग पिन पुंगळीला पुढे ढकलते. दाब चढला की पुंगळीच्या भिंती चेंबरला चिकटून बसतात आणि बूड तेवढं मागे सरकतं. मधली पितळ ताणली जाते, बुडाच्या जरा वर. शिवाय लग मागे असल्यामुळे दाबाखाली हा अख्खा बोल्ट आणि रिसीव्हर स्प्रिंगसारखा किंचित दबतो, तो ताण वेगळा. नवी पितळ पहिल्यांदा हे बहुतेक वेळा सोसते. तीच पुंगळी परत परत भरली की एक दिवस बूड हातात आणि बाकीची नळीत.

म्हणून झाडलेली प्रत्येक पुंगळी बघा. बुडाच्या वर चकचकीत कडं दिसलं तर संशय घ्या. खात्री करायची तर पेपरक्लिप सरळ करून टोक काटकोनात वाकवा आणि आतून भिंतीवरून बुडापर्यंत ओढत न्या. कड्यापाशी टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर ती पुंगळी हातोडीने चपटी करून भंगारात. ठेवून दिली तर कधीतरी चुकून परत भरली जाते.

परत भरायच्याच असतील तर पहिल्यांदा झाडताना रिमच्या पुढे छोटी रबरी ओ-रिंग चढवा, बूड बोल्टला टेकून राहतं. नंतर फक्त मान (गोळी धरणारं टोक) साच्यात दाबून साइज करा, खांदा (मानेखालचा उतार) मागे ढकलू नका. पुंगळीचा खांदा झाडल्यावर खूप पुढे गेलेला दिसेल, त्याने घाबरू नका. ही चेंबर चिखल-मातीतही काडतूस शिरावं म्हणून मुद्दाम ऐसपैस ठेवलेली असतात.

माउझरप्रेमी:

+१. आणि हा रिमचा हिशोब जर्मन माउझर रायफलला लावू नका. तिच्या ७.९२ च्या काडतुसाला रिमचा टेकू नाही, तिथे बोल्टपासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजतात. सुटं बोल्ट हेडही नाही.

शंका_आहे:

माझ्या चुलतभावाकडे इशापूरची २ए१ आहे, ७.६२ नाटोची. ती थ्री नॉट थ्रीच कापून केलेली असते ना? त्यात दुकानातलं .३०८ (त्याच मापाचं नागरी काडतूस) चालतं का?

शस्त्रागार_नागपूर:

कापून केलेली नाही. १९६० च्या दशकात इशापूरने ती नव्याने, जास्त मजबूत पोलादात बनवली. तिला थ्री नॉट थ्रीचे गेज लागत नाहीत. .३०८ चा गो १.६३० आणि फील्ड १.६३८ इंचाचा, पण नाटोची लष्करी चेंबरं त्याहून लांब असू शकतात. .३०८ चं व्यापारी काडतूस ६२,००० पीएसआयपर्यंत (पौंड दर चौरस इंच) दाबाचं असतं. थ्री नॉट थ्रीची कमाल मर्यादा ४९,००० आहे, आणि ही रचना मुळात त्या वर्गातली. भावाला म्हणावं नाटो मापाचंच घाल, तेही हलकं मिळालं तर बरं.

जुनं_पोलाद:

विषय निघालाच आहे तर, गेज पास म्हणजे रायफल पास नव्हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतच आहे. १९०३ ची स्प्रिंगफील्ड. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ च्या आतल्या नंबरांची रिसीव्हर झाडू नयेत म्हणतात. तापवताना पोलादाचं तापमान कामगार नुसत्या रंगावरून ठरवायचे. ढगाळ दिवशी आणि उन्हात तो रंग वेगळा दिसतो, त्यात काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाली. हेडस्पेस अगदी बरोबर असलेलं रिसीव्हरही काचेसारखं फुटू शकतं. सस्केहानाकाठी, तुम्हाला हे लागू नाही, पण पुढच्या खरेदीला लक्षात असू द्या.

बोरिवलीचा_बंड्या:

आमच्या गावी आजोबांची एक थ्री नॉट थ्री होती असं ऐकलं आहे. सापडली तर परवाना मिळेल का?

शस्त्रागार_नागपूर:

नाही. तो बोअर (नळीचं माप) आपल्याकडे प्रतिबंधित आहे, सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळते ती .३१५. सापडली तर स्वतः उचलून नेऊ नका, जवळच्या ठाण्यात कळवा. आणि त्यात गोळी आहे असंच समजा.

सस्केहानाकाठी:

सगळ्यांचे मनापासून आभार. डीपी कुठेच नाही. दस्ता आणि लाकूड काढून खालूनही बघितलं. तारेच्या खुणा नाहीत.

मार्करची चाचणी केली. उजव्या बरगडीची शाई लख्ख पुसली. डाव्या लगवरची जशीच्या तशी. पुसून, परत लावून पुन्हा केलं, तेच. लगच्या मागच्या कडेला जुनं, कोरडं ब्लूइंगही (पोलादावरचा निळसर काळा लेप) शाबूत आहे, म्हणजे तो या रिसीव्हरला कधी टेकलाच नसावा.

काका, आता जाड बोल्ट हेड लावलं तर?

शस्त्रागार_नागपूर:

त्याने फक्त समोरची जागा कमी होईल. लग तसाच अधांतरी राहील. ली-एनफिल्डच्या नंतरच्या नंबर ४ रायफलीला ०, १, २, ३ असे छापलेले बोल्ट हेड येतात, म्हणून लोकांना वाटतं की हेड बदललं की सगळं झालं. तुमच्या नंबर १ च्या हेडवर तर आकडाही नसतो, आम्ही डबाभर हेड घेऊन एकेक लावून बघायचो.

तुम्हाला दुसरी बोल्ट बॉडी (हेड सोडून उरलेला, लग आणि बरगडीचा भाग) हवी. चार-पाच बॉडी ठेवणारा, ली-एनफिल्ड माहीत असलेला गनस्मिथ शोधा. त्याला आधी दोन्ही बाजू टेकवून घ्यायला सांगा आणि मग हेड निवडायला. उलट क्रमाने नको. फरक अगदी थोडा असेल तर तो बरगडी दगडावर घासून जुळवेल, पण ते काम घरी करू नका. वरचा कडक थर घासला गेला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. रिसीव्हरमध्ये जिथे बरगडी टेकते तिथे भिंगाने चीर बघायला सांगा, इतकी वर्षं एकाच बाजूने भार घेतला असेल तर. तोवर बार काढू नका, ०.०७४ काही म्हणो.

खडकीच्या काडतुसांबद्दल सांगायचं राहिलं. मामांची आठवण म्हणून ठेवा. इतक्या जुन्या मालात हँगफायर होतो: चाप ओढला, खट्ट झालं, बार नाही, आणि माणूस बोल्ट उघडतो तेव्हा तो होतो. कुठल्याही काडतुसाला असं झालं तर नळी निशाणाकडेच धरून निदान मिनिटभर थांबा. शिवाय त्यांच्या टोपीतला (बुडावरच्या ठिणगी पाडणाऱ्या कॅपमधला) क्षार नळी गंजवतो आणि तेलाने जात नाही, उकळतं पाणीच ओतावं लागतं. तुमच्या चेंबरपुढचे खड्डे बहुधा त्याचेच.

सस्केहानाकाठी:

समजलं. बोल्ट काढून वेगळा ठेवला. इथून गाडीने दोनेक तासांवर फक्त जुन्या ब्रिटिश रायफलींचं काम करणारा एक जण आहे, त्याच्याशी बोललो. मार्करचे फोटो बघून तोही हेच म्हणाला, रिसीव्हर घेऊन ये, बॉडी लावून बघू.

जुळली तर पहिला बार कसा काढायचा?

रीलोडर_ऑस्टिन:

नवं, कारखान्याचं काडतूस. रायफल टायरवर किंवा बॅगांवर घट्ट बांधा, चापाला लांब दोरी, माणसं मागे आणि बाजूला, खांदा लावायचा नाही. आधी रेंजवाल्याची परवानगी घ्या, सगळीकडे हे चालत नाही. मग पुंगळी काढून कडं, टोपी आणि पेपरक्लिप. अशी चारेक झाली आणि सगळ्या सारख्या दिसल्या तर खांद्याला लावा. चष्मा तेव्हाही हवाच. बूड तुटलं तर गॅस बोल्टच्या कडेने थेट तोंडावर येतो.

शस्त्रागार_नागपूर:

आणि तुटलेली पुंगळी काढायचं हत्यार बरोबर न्या, नाहीतर पुढचा अर्धा तुकडा चेंबरमध्ये घेऊन घरी याल. बँडोलियरचा फोटो टाका जमलं तर.