शिक्षेनंतरही न वळणारे मन : आमोसच्या चौथ्या अध्यायाविषयी

मूळ लेख :
बायबलच्या जुन्या करारातील आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथात, चौथ्या अध्यायात, एक वाक्य पाच वेळा येते : 'तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत, असे परमेश्वर म्हणतो.' दुष्काळ, तांबेरा, टोळधाड, मरी, नगरांचा नाश, आणि प्रत्येक वेळी हेच वाक्य. याच काळात लोक बेथेल आणि गिलगाल या उपासनास्थानी न चुकता यज्ञ करीत होते व दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, नेऊन देत होते. म्हणून माझे मत असे, की ताडन होऊनही पाप न सोडणारा माणूस बहुधा देवाला विसरलेला नसतो. तो उपासनेला येतो आणि त्या येण्यालाच वळणे समजतो.

प्रतिसाद 1 :
मी सहमत नाही. त्याच अध्यायात दोन-तीन गावांचे लोक पाण्यासाठी भेलकांडत एका गावी जातात. आमोसने ज्यांना दोष दिला त्या शोमरोन या इस्राएलच्या राजधानीतील सुखवस्तू स्त्रियांवर ही पायपीट करण्याची वेळ आली असेल असे मला वाटत नाही. यरुशलेमेतील शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी नव्हते असे खुद्द येशूने सांगितले (लूकचे शुभवर्तमान, अध्याय 13). मी आजारी असताना आमच्या चर्चच्या मंडळीतील एक गृहस्थ उशाशी बसून 'कोणते पाप लपवले आहे ते आठवा' असे म्हणाले होते, आणि त्यानंतर कित्येक दिवस मला प्रार्थना करता आली नाही.

मूळ लेखक :
आपल्याशी जे झाले ते चुकीचेच होते. दुसऱ्याच्या दुःखाला शिक्षा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र त्याच ठिकाणी येशू ऐकणाऱ्यांना म्हणतो, की पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. म्हणून मी स्वतःपुरते बोलतो. आमच्या किराणा दुकानात मालाच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असे. एका रात्री आजीने आमोसच्या आठव्या अध्यायातील खोट्या तागडीचे वचन मोठ्याने वाचले, मी ते नीट ऐकले, आणि सकाळी सुटू लागलेली चिंच अंगठ्याने पुन्हा घट्ट दाबली. असे सहा वर्षे चालले. त्या काळात ना आजारपण आले ना तोटा झाला, आणि मी रविवारची एकही उपासना चुकवली नाही.

प्रतिसाद 1 :
मग आपणच माझा मुद्दा मांडलात. देवाने आपल्याला वचनाने ताकीद दिली, दुष्काळाने नव्हे. पण त्या अध्यायात ज्या गावावर पाऊस पडला नाही तेथील लहान मुलांचे काय, हा माझा प्रश्न उरतोच.

मूळ लेखक :
त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही.

प्रतिसाद 2 :
लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाने, ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे येशूपुढे कबूल केले होते. आपण काय केलेत?

मूळ लेखक :
उधारीच्या वहीत ज्यांची नावे होती त्यांच्या घरी गेलो. काहींनी पैसे घेतले, एका आजोबांनी दार लावून घेतले. रोज पावशेर डाळ रोखीने नेणाऱ्या बायकांची मात्र कुठेच नोंद नव्हती.