गादी सरकणे आणि ऑपरेशन: एक तातडीचा अपवाद
मणक्यातील गादी सरकल्यावर ऑपरेशनची घाई करू नये, असे एक मत मांडले जाते आणि ते बव्हंशी योग्यच आहे. बहुतेकांचा त्रास औषधे व विश्रांतीने काही आठवड्यांत उतरतो. मात्र मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली नसांचा जुडगा असतो, आणि मोठ्या प्रमाणात सरकलेल्या गादीचा दाब त्यावर आला, तर लघवी तुंबते किंवा नकळत होते, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागते, मांड्यांच्या आतली बाजू बधिर होते. शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श न कळणे ही खूण रुग्ण संकोचाने सांगत नाहीत. घरच्यांनी ती स्पष्ट शब्दांत विचारावी. अशा वेळी त्याच दिवशी एमआरआय करून न्यूरोसर्जनला गाठावे. ऑपरेशनसाठी लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांची मर्यादा अनेकदा सांगितली जाते, पण लघवी पूर्ण तुंबण्याआधीच दाब काढला, तर मूत्राशय पूर्ववत होण्याची आशा कितीतरी अधिक असते.