किटबॅश ही भेसळ असेल, तर विजयंत काय होता?

स्प्रूवाला
परवा आपल्या स्केल मॉडेलांच्या प्रदर्शनाच्या फोटोंखाली 'काटेकोर' यांनी लिहिलं की दोन-तीन किटांचे भाग एकत्र करून केलेलं मॉडेल (किटबॅश) म्हणजे भेसळ, आणि असली मॉडेलं वेगळ्या टेबलावर, "शक्यतो दाराजवळ" ठेवावीत. ते वाचून हातातला चहा खाली ठेवला, कारण दाराजवळच्या टेबलावर नेमका माझा विजयंत रणगाडा होता.

मला १/३५ मध्ये (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) विजयंत करायचा होता. प्लास्टिकचा किट कुठं हाती लागला नाही, आणि रेझिनचे भाव बघून गुपचूप पान बंद केलं. मग सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याच्या एका किटातून १०५ मिमी तोफेची नळी आणि चाकं घेतली, चीफटन या दुसऱ्या ब्रिटिश रणगाड्याच्या किटातून मागच्या डेकच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) जाळ्या आणि बारीकसारीक सामान घेतलं. हल (खालचा सांगाडा) आणि टरेट (वरचा फिरता बुरूज) स्टायरीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, शीटमधून कापले. सात महिने लागले. टरेट तीनदा केलं, पहिली दोन अजून कपाटावर पडली आहेत, बायको दर दिवाळीला विचारते.

आता खरा विजयंत कसा झाला ते बघा. विकर्स या ब्रिटिश कंपनीनं सेंच्युरियनवर आलेलीच एल-७ तोफ घेतली. चीफटनसाठी बनलेलं लेलँडचं एल-६० इंजिन घेतलं, त्याच्याच जोडीचा टीएन-१२ गिअरबॉक्स घेतला, आणि त्याभोवती साधारण ३९ टनांचा नवा रणगाडा उभा केला. तोच १९६५ पासून चेन्नईजवळच्या आवडीत (नाव तेवढं आपलं वाटतं) बनायला लागला. मी माझ्या टेबलावर याहून वेगळं काय केलं? आता तो कारखानाही दाराजवळ हलवा.

काटेकोर
भावना पोहोचल्या. चहा गार झाला असल्यास दिलगीर आहे.

युक्तिवाद टाळ्या घेणारा आहे, पण इंजिन एक म्हणून वरचा डेक एक होत नाही. दुसरं म्हणजे चाकं. सेंच्युरियनला हॉर्स्टमन सस्पेन्शन, चाकं जोडीजोडीनं. विजयंतला टॉर्शन बार, प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर. आपल्या मॉडेलवर जोड्या स्पष्ट दिसत होत्या. मी पट्टी लावली नाही, पण डोळे अजून शाबूत आहेत.

माझा आक्षेप 'हाताला लागलं ते चिकटवलं' या वृत्तीला आहे. मी स्वतः दोन वर्षं एक चीफटन करतोय. मागवलेल्या खोक्यात कमांडरचा कुपोलाच (टरेटवरची छोटी घुमटी) नव्हता. दुकानदार कुरिअरकडे बोट दाखवतो, कुरिअरवाला दुकानदाराकडे. दुसऱ्या कुठल्या रणगाड्याचा कुपोला लावून मोकळा झालो असतो. नाही लावला, थांबलोय.

फक्त_बहात्तर
१/७२ करा हो. जागा कमी, खर्च कमी, आणि असले वाद होत नाहीत.

स्प्रूवाला
१/७२ मध्ये वाद होत नाहीत कारण काही दिसतच नाही. पावणेदोन मीटरचा माणूस आमच्याकडे ५० मिलिमीटर, तुमच्याकडे २४. त्याला मिशी आहे की नाही यावर तुम्ही काय वाद घालणार?

फक्त_बहात्तर
मिशी मी काढतो. भिंगाखाली, तीन केसांच्या ब्रशनं. तुमच्याकडे ती खराट्यानं काढतात.

मिलिपुट
मुद्दा राहतोय. रणगाड्यांच्या इतिहासात किटबॅशच किटबॅश आहेत. १९४२ मध्ये जर्मनांनी झेक ३८(टी) च्या सांगाड्यावर, पकडलेली रशियन ७६.२ मिमी तोफ बसवून मार्डर-३ काढला. इजिप्तनं शर्मनच्या हलवर फ्रेंच एएमएक्स-१३ चं टरेट ठेवलं. आणि आपलं घरचंच उदाहरण, विजयंतच्या सांगाड्यावर १३० मिमीची रशियन एम-४६ तोफ बसवलेली कॅटापुल्ट. ब्रिटिश वंशाची गाडी, रशियन तोफ, जोडणी भारतीय. हे कुणी टेबलावर ठेवलं असतं तर काटेकोरांनी थेट जिन्यात पाठवलं असतं.

काटेकोर
मिलिपुटराव, लष्करानं जे जोडलं ते गरज म्हणून. इथली गरज काय होती? प्रदर्शनाची तारीख.

मिलिपुट
राव नव्हे. असो.

नगरी_मिसळ
एवढं भांडण्यापेक्षा एक दिवस नगरला या की. कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये विजयंत उभाय. टेप न्या, चाकं मोजा, विषय संपला. परमवीर चक्रवाल्या अरुण खेत्रपालांचा 'फामागुस्ता' रणगाडा पण नगरलाच जपून ठेवलाय. सोळा डिसेंबर ७१, बसंतरची लढाई. त्या गाडीपुढं उभं राहिल्यावर मिलिमीटर-बिलिमीटर डोक्यात राहत नाही.

पेठेतला
फामागुस्ता पूना हॉर्सचा, हे सांगायचं राहिलं वाटतं. १८१७ ची रेजिमेंट. सहज आठवण करून दिली.

नगरी_मिसळ
आली पेठ. गाडी नगरला उभीय, नाव तुमचं. बास का?

पेठेतला
नगर नव्हे, आता अहिल्यानगर.

नगरी_मिसळ
आम्ही तिथं राहतो. तुम्ही नका शिकवू.

स्प्रूवाला
म्युझियम पाहिलंय, पण रंग मी तिथला घेतला नाही. आमच्या गावात चौकात एक विजयंत ठेवलाय, शाळेत असल्यापासून बघतोय. त्याच्यावरून घेतला.

काटेकोर
चौकातल्या रणगाड्यावरून? हे आपण स्वतःहून कबूल करताय?

फक्त_बहात्तर
चौकातला रणगाडा म्हणजे पुरावा? आमच्याकडच्याला दर २६ जानेवारीच्या आधी ऑइल पेंटचा हात बसतो. गेल्या खेपेला रंग कमी पडला म्हणून डावी बाजू हिरवी आणि उजवी पोपटी. चाकांचं रबर चंदेरी. पेरिस्कोपच्या काचासुद्धा रंगवल्या.

नगरी_मिसळ
आमच्या तालुक्याच्या गावी नळीला वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. भाऊंचा हसरा चेहरा बरोब्बर तोंडाशी. पंधरा दिवस तसाच.

पेठेतला
भाऊ युवा नेतृत्व असणार.

नगरी_मिसळ
वय त्रेपन्न.

फक्त_बहात्तर
हसू नका, मला खरंच चीड येते. ज्या गाडीत माणसं बसून सीमेवर गेली तिच्यावर आता गुटख्याच्या पिचकाऱ्या. ड्रायव्हरच्या हॅचमध्ये पाणी साचून डास. मी अर्ज दिला होता. उत्तर आलं, सदर रणगाडा आमच्या विभागाच्या अखत्यारीत नाही. दुसऱ्या विभागाकडे गेलो, तिथंही तेच. शेवटी मी आणि दोन पोरांनी रविवारी बादली घेऊन धुतला, तर वॉचमन म्हणतो परवानगी दाखवा!

पेठेतला
पिचकाऱ्या टाकायला परवानगी लागत नाही ना, म्हणून.

स्प्रूवाला
आमचा चौक असा नाही. आणि रंग चुकला असेल तर चुकला म्हणा, पण म्युझियममधल्या गाड्याही पुन्हा रंगवलेल्याच असतात. १९७१ चा रंग तुम्ही बघायला गेला होतात का?

काटेकोर
आवाज खाली. मी ७१ साली चौथीत होतो. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद लावलेला आठवतो, रणगाड्यांचा रंग आठवत नाही. पण म्हणून चौकाकडे बघून रंग मिसळायचा नसतो. जुने फोटो असतात, त्या काळातली माणसं असतात, त्यांना विचारायचं असतं.

मिलिपुट
मग माणसाचंच ऐका. माझे बाबा ईएमईत (लष्कराच्या दुरुस्ती विभागात) होते, विजयंतवर. एल-६० चं नाव काढलं की आजही ते नकळत हात पुसतात, इतकं त्या इंजिनानं तेल गाळलं. दोन गाड्या बंद पडल्या की एकीचं काढून दुसरीला लावायचं, एक तरी चालती झाली पाहिजे. त्याला 'कॅनिबलाइज' म्हणायचे. बाबा सांगतात, एका गाडीच्या फेंडरवरचे डबे दुसऱ्या गाडीवर जायचे, रंगाच्या दोन छटा शेजारी शेजारी. इन्स्पेक्शन आलं की त्यावर चिखल फासायचा.

काल त्यांना स्प्रूवाल्यांच्या मॉडेलचा फोटो दाखवला. चाकांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "इतका स्वच्छ? कुणी चालवलेला दिसत नाही."

स्प्रूवाला
हे लागलं. वेदरिंगला (मॉडेल वापरलेलं, मळलेलं दाखवायला) वेळ उरला नव्हता. तारखेबद्दल काटेकोर बरोबर होते, घ्या.

काटेकोर
मिलिपुटताई, वर 'राव' लिहिलं, चूक झाली. वडिलांना नमस्कार सांगा. खालच्या हलवर तेल नेमकं कुठून खाली यायचं, हे त्यांना विचारून कळवाल का? चीफटनचं इंजिन तेच असल्यामुळे मला उपयोगी पडेल.

पेठेतला
म्हणजे विजयंतचं तेल चीफटनला चालतं, चीफटनच्या जाळ्या विजयंतला चालत नाहीत.

काटेकोर
जाळ्यांना माप असतं. तेलाच्या डागाला नसतं.

स्प्रूवाला
रात्री टॉर्च लावून चाकं पाहिली. दुसरं आणि तिसरं यांच्यात एक मिलिमीटर जास्त अंतर आहे. खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. एवढ्यासाठी मला दाराशी बसवलंत.

काटेकोर
दीड असेल. पण टरेट चांगलं केलंय, ते मी तेव्हाच म्हणालो होतो.

स्प्रूवाला
कुणाला म्हणालात?

काटेकोर
शेजारी उभे होते त्यांना.

बाय द वे, आपण चीफटनच्या फक्त जाळ्या आणि किरकोळ भाग वापरलेत. कुपोला उरला असेल ना?

फक्त_बहात्तर
😀😀

काटेकोर
तो चीफटनचाच कुपोला आहे आणि चीफटनवरच बसणार आहे. ही भेसळ होत नाही.

स्प्रूवाला
आहे. स्प्रूवरून (किटाचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) अजून कापलेला नाही. पत्ता मेसेज करा. कुरिअर तुमच्या खर्चानं.