रोजच्या कामाला सायकल : सांगलीत ती का मागे पडली?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तिन्ही गावे एकाच महानगरपालिकेत येतात, जमीन बहुतांशी सपाट आहे आणि सांगलीहून मिरजेला जायचे म्हटले तरी अंतर दहा किलोमीटरच्या आसपासच भरते. सायकलीला याहून सोयीचे शहर शोधायला फार लांब जावे लागेल. तरीही पन्नाशीचा माणूस सायकलवरून बँकेत किंवा कार्यालयात निघालेला दिसला की ओळखीचे लोक "डॉक्टरांनी सांगितलंय का?" असे विचारतात. हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्यांदा विचारला गेला आहे, की मी आता "हो" म्हणून मोकळा होतो.

माझे म्हणणे असे, की सायकल मागे पडली ती उन्हामुळे किंवा अंतरामुळे नव्हे, तर प्रतिष्ठेच्या कल्पनेमुळे. १९७२ मध्ये लुना आली तेव्हा तिला पायडल होते. पेट्रोल संपले तर पाय मारत घरी येता येई, म्हणजे ती निम्मी सायकलच होती. १९८५ मध्ये शंभर सीसीची हिरो होंडा आली आणि पुढच्या काळात मोटारसायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत गेली, तशी सायकल हे 'अजून गाडी घेता न आलेल्या माणसाचे' वाहन ठरले. याउलट नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान मार्क रुटे पदावर असतानाही सायकलने कार्यालयात जात असत, आणि त्यांना कोणी प्रकृतीची विचारपूस केली नसावी.

हळदपेठ (सांगली)

रुटे यांचे उदाहरण उलट्या टोकाकडून घेतले आहे, असे मला वाटते. नेदरलँड्समध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि सायकली भराभर कमी होत गेल्या. डच माणसाच्या रक्तातच सायकल आहे, ही समजूत खरी नाही. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती, आणि त्यातून 'मुलांची हत्या थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि पुढच्या काळात सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले गेले. आज तिथल्या एकूण प्रवासफेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक सायकलीने होतात. आधी रस्ता सुरक्षित झाला, मग पंतप्रधान सायकलवर दिसले.

आता आपल्याकडे या. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून येतो, ट्रॉलीबाहेर आलेले वाडे कानाजवळून सपसपत जाते, आणि बाजूला व्हावे तर डांबराची कड साइडपट्टीपासून चार बोटे उंच असते. पुढचे चाक त्या कडेवरून घसरले, की हँडल हातात राहत नाही. अशा रस्त्यावर मी माझ्या वडिलांना सायकल घेऊन जाऊ देणार नाही. त्यात प्रतिष्ठेचा काहीही संबंध नाही.

यवतेश्वर (सातारा)

आमच्याकडे हा वाद फारसा रंगत नाही. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे साध्या सायकलने निघालेला माणूस चढावर उतरून ती हाताने ढकलतो, आणि घामेजलेल्या शर्टाने कामावर हजर होणे कोणालाच आवडत नाही. बॅटरीच्या सायकलीने हे बदलू शकेल, कारण अडीचशे वॉटपर्यंतची आणि ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतची असेल तर तिला नोंदणीही लागत नाही आणि परवानाही नाही. पण तिची किंमत ऐकली, की माणूस जुन्या स्कूटरचा विचार करू लागतो.

सकाळपाळी (कुपवाड)

वरचे तिन्ही प्रतिसाद वाचून आश्चर्य वाटले. सायकल चालवणारी प्रौढ माणसे सांगलीत नाहीतच, असे गृहीत धरून सगळे बोलत आहेत. सकाळी पावणेसातला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर उभे राहा. कॅरेजला जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेला डबा, पावसाळ्यात सीटवर चढवलेली प्लॅस्टिकची पिशवी, चेनकव्हर केव्हाच गळून पडल्यामुळे उजव्या पायाची दुमडलेली पँट. ही माणसे ना आरोग्यासाठी सायकल चालवतात, ना पर्यावरणासाठी.

२०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता, हे विचारले होते. देशभरात सायकलीने जाणारे सुमारे १३ टक्के निघाले, आणि स्कूटर-मोटारसायकलने जाणारेही जवळपास तितकेच. त्याच जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. उत्तर प्रदेशात दोन तृतीयांश घरांत, तर महाराष्ट्रात एक तृतीयांशाहूनही कमी घरांत. म्हणून उत्तर प्रदेशात सायकल 'लोकप्रिय' आहे, असे म्हणायचे का? जिथे दुसरा पर्याय परवडत नाही, तिथे हा शब्दच चुकीचा आहे. आमच्या खात्यातल्या ज्याला ज्याला हप्त्यावर गाडी मिळाली, त्याने महिनाभरात सायकल भाच्याला देऊन टाकली.

विश्रामबाग (सांगली)

चर्चा आतापर्यंत पुरुषांचीच झाली, म्हणून लिहिते. बारावीपर्यंत आम्ही सगळ्या मैत्रिणी सायकलीने जात होतो; नंतर कोणाला स्कूटी मिळाली, कोणाचे लग्न झाले, आणि सायकल कायमची सुटली. जपानमध्ये आया पुढे एक आणि मागे एक मूल बसवून, टोपलीत भाजी घेऊन सायकलीने हिंडतात, आणि तिथे ती कोणाला कवतिकाची गोष्ट वाटत नाही. मी मात्र चाळिशीत पुन्हा सायकल घेतली तेव्हा सासूबाईंनी फक्त एवढेच विचारले, की अंधार पडण्याआधी परत येशील ना. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला, कारण आमच्या गल्लीच्या तोंडाचा दिवा बंद होता. कृष्णाकाठ यांना प्रतिष्ठा आड येते, हळदपेठ यांना ट्रॉली, आणि मला तो एक दिवा.

कृष्णाकाठ (सांगली)

सकाळपाळी यांचा आक्षेप मान्य. माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझ्यासारखीच माणसे होती. ट्रॉलीबद्दल आणि दिव्याबद्दलही वाद नाही. प्रतिष्ठेचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. गेल्या महिन्यात एका लग्नाला सायकलीने गेलो, तर कार्यालयाच्या रखवालदाराने मला पुढच्या फाटकाशी अडवले आणि "आचाऱ्यांच्या सायकली मागं लावायच्या" असे बजावून पाठीमागे धाडले. मी मुलाचा मामा होतो.

सकाळपाळी (कुपवाड)

मामा, आचारीही लग्नालाच आले होते. मागच्या बाजूला सावली होती का?

कृष्णाकाठ (सांगली)

होती. चिंचेची.