संक्रांतीला पाहुणे येतायत, पाण्याकाठी एक दिवस घालवायचाय. खडकवासला की भिगवण?

कर्वेनगरवाली
नमस्कार मंडळी. नांदेडहून ताई, दाजी आणि दोन भाचे (९ आणि १२ वर्षं) येतायत, सोबत आई-बाबा पण. आईचा गुडघा दुखतो त्यामुळे चढ नको, सपाटीला मात्र ती अर्धा-पाऊण तास आरामात चालते. मागच्या वेळी सगळ्यांना मॉलमध्ये नेलं आणि बाबा दोन तास नुसते बाकावर बसून होते, मला फार वाईट वाटलं, म्हणून या वेळी मोकळ्यावर न्यायचंय. पाणी असावं, झाडं असावीत, पोरांना पळायला जागा असावी. मला पुण्यात येऊन चारच वर्षं झालीत, खडकवासल्याला एकदाच गेलेय तेही रविवारी संध्याकाळी, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अंधार पडला होता. पहाटे निघायची सगळ्यांची तयारी आहे. सुचवा प्लीज.

धायरीकर
ताई, रविवार संध्याकाळ सोडून कधीही जा, तेच धरण वेगळं दिसतं. आम्ही इथलेच, जानेवारीत सकाळी सातला पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडची एनडीएची (लष्करी प्रबोधिनीची) झाडी हळूहळू दिसायला लागते, ते बघायलाच मी आठवड्यातून दोनदा जातो. चौपाटीवर थांबू नका, डोणजे फाट्यावरून उजवीकडे पानशेत रस्त्याला लागा, गोऱ्हे, खानापूर असं पाण्याच्या कडेकडेनं जाता येतं आणि गर्दी एकदम कमी होते. रस्त्याकडेला सावली बघून सतरंजी टाका, घरून धपाटे-दही न्या.

पोरांना धरणाची गोष्ट नक्की सांगा. खडकवासला १८७९ सालचं, इंग्रजांनी बांधलेलं, मुठेवर. वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर, अशी चार धरणं मिळून आपल्या नळाला पाणी येतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तो लोंढा खाली आला आणि खडकवासलाही फुटलं, निम्मं जुनं पुणं पाण्याखाली गेलं. माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची, पोरांना घेऊन पर्वतीकडे पळाली, हातात फक्त देवघरातला अन्नपूर्णेचा टाक. तो टाक अजून आमच्या घरी आहे. आज आपण जे धरण बघतो ते नंतर पुन्हा बांधून काढलेलं.

सिंहगड म्हणाल तर गाडी वरच्या पार्किंगपर्यंत जाते पण तिथून पुणे दरवाज्याला चढ आणि पायऱ्या आहेतच, आईंना त्रास होईल. दाजी आणि पोरं जाऊन येतील, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातील, तोवर बाकीच्यांनी खाली पाण्याजवळ बसावं.

सिंहगडरोड_आई
एक गोष्ट हात जोडून सांगते, पोरांना पाण्यात उतरू देऊ नका. गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही. काठ दिसायला अगदी सपाट दिसतो, वरचा गाळ वाळून भेगा पडलेला असतो म्हणून वाटतं टणक आहे, पण दोन पावलं पुढे तोच गाळ आत मऊ असतो. माझ्या मुलाचा पाय पोटरीपर्यंत रुतला होता, बूट आतच राहिला, काढताना तो जितकी धडपड करत होता तितका आणखी रुतत होता. मी आडवी झोपून त्याचे हात धरले तेव्हा तो निघाला. आणि तळ सगळीकडे सारखा नाही, एका पावलाला गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला पायच टेकत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी पण इथे धाडस करू नये. दर उन्हाळ्यात बातम्या येतात आणि त्यात बहुतेक बाहेरगावाहून आलेली पोरं असतात, ज्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून सांगते.

पक्षीवेडा_हडपसर
जानेवारी आहे तर भिगवणच, विचारच करू नका. सोलापूर रोडनं साधारण १०० किमी, यवत, पाटस, कुरकुंभ आणि मग भिगवण, तिथून आत कुंभारगाव किंवा डिकसळ. पहाटे साडेचारला निघालात तर उजाडताना पाण्यावर. उजनीचं बॅकवॉटर, भीमा नदी, आणि होडी चालवणारे तिथलेच मासेमारी करणारे लोक, त्यांना कुठला पक्षी कुठल्या उथळीवर बसलाय ते बरोबर माहीत असतं. चित्रबलाक, कुरव, आणि पट्टकदंब, जे हिमालय ओलांडून येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे, भाच्यांना लगेच ओळखता येतील.

रोहित म्हणजे फ्लेमिंगोचं मात्र निघायच्या आधी फोन करून विचारा. त्याला उथळ पाणी लागतं, चोच उलटी करून तो चिखलातलं गाळून खातो, त्यामुळे धरण काठोकाठ भरलेलं असेल तर तो उशिरा येतो, पाणी उतरलं की फेब्रुवारी-मार्चला थवेच्या थवे. आणि प्लीज होडीवाल्याला "उडवून दाखवा" म्हणू नका. फोटो छान येतो, पण त्यांचं खाणं मोडतं.

कर्वेनगरवाली
दादा, आईला होडीत चढता येईल का? आणि तिला पाण्याची थोडी भीती वाटते.

पक्षीवेडा_हडपसर
होडी काठाला टेकवतात, एक मोठी पायरी चढल्यासारखं आहे, दोघांनी हात धरला की जमतं. माझ्या सासूबाई ७१ च्या आहेत, बसल्या होत्या. मध्ये बसवा, कडेला नको, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांनी, मागून घ्या. शाल, कानटोपी न्या, पहाटे पाण्यावर गारठा लागतो. फिरून आल्यावर तिथेच घरगुती जेवण मिळतं, चिलापी फ्राय आणि भाकरी, शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

कर्वेनगरवाली
मंडळी, कालच जाऊन आलो. भिगवणच केलं. फोनवर सांगितलं होतं तसंच झालं, पाणी भरपूर आहे म्हणून रोहित लांब सात-आठच दिसले, पण पट्टकदंबांचा थवा डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज ऐकू आला, सगळे एकदम गप्प. आई पहिली दहा मिनिटं माझा हात सोडत नव्हती, मग स्वतःच होडीवाल्या काकांना विचारायला लागली की जाळं कधी टाकता, कधी काढता, मासा कुठे विकता. बाबांनी परतताना गाडीत धाकट्याला पक्ष्यांची नावं पाठ करून घेतली, पाटस येईपर्यंत अकरा झाली होती.

धायरीकर दादा, खडकवासला परवा सकाळी करतोय, खानापूरच्या बाजूला. टाकाची गोष्ट आईला सांगितली, तिला ती तुमच्या तोंडून ऐकायचीय. आणि सिंहगडरोडच्या ताई, पोरांना काठापासून लांबच ठेवणार, दाजींनाही बजावलंय.