पोस्टकार्ड उघडे पाठवावे की पाकिटात घालून?

प्रश्न : शाईची दौत (प्रतापनगर, नागपूर)

सर्वांना नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या मोठ्या मामांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा जुन्या रजयांच्या खाली सुतळीने बांधलेले पोस्टकार्डांचे सात गठ्ठे सापडले. बहुतेक कार्डे टपाल खात्याची साधी, पिवळसर, दोन्ही बाजूंनी काठोकाठ लिहिलेली आहेत. वर मधोमध ‘श्री’, मग ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव’, ‘वि. वि.’ आणि शेवटी जागा संपल्यामुळे कडेने उभ्या ओळीत लिहिलेले ‘कळावे, लोभ असावा’. लग्न ठरल्याच्या कार्डांच्या कोपऱ्यांवर हळदीची बोटे आहेत. एका कार्डाचा कोपरा फाडलेला आहे, म्हणजे ते कोणाच्या तरी निधनाची बातमी देणारे. असे कार्ड वाचून झाल्यावर घरात ठेवायचे नसते, हे मामांना माहीत नव्हते असे होणार नाही, तरीही ते त्यांनी चाळीस-पन्नास वर्षे जपून ठेवले होते. ते वाचून मी बराच वेळ पेटीजवळ बसून राहिले.

त्यानंतर मी फेब्रुवारीत ‘पोस्टक्रॉसिंग’वर नाव नोंदवले. तेथे पत्ता मागितला की जगातल्या कोणत्या तरी सदस्याचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक लिहून आपण कार्ड पाठवायचे, ते पोहोचल्यावर त्या व्यक्तीने क्रमांकाची नोंद करायची, आणि मग आपला पत्ता तिसऱ्याच कोणाकडे जातो. आजवर मला 26 कार्डे आली आहेत. त्यांपैकी फिनलंडहून आलेले कार्ड जुलैच्या पावसात सापडले आणि निळी शाई पसरून निम्मा मजकूर गेला. बर्फाने झाकलेल्या तळ्याच्या चित्रामागे ‘माझी आजी’ एवढे दोन शब्द स्पष्ट उरले आहेत. आजीचे पुढे काय, ते मला आता कधीच कळणार नाही.

याच सुमारास जर्मनीतील एका सदस्येने थेट देवाणघेवाण करण्याचे सुचवले असून, कार्ड उघडेच तिकीट लावून पाठवू की पाकिटात घालून स्वच्छ पाठवू, असे विचारले आहे. फिनलंडचे कार्ड पाहून पाकीट म्हणावेसे वाटते, पण मामांचे गठ्ठे पाहिले की मन मागे येते. आपण काय करता आणि का करता, हे सविस्तर सांगावे. नागपूरचे म्हणून कोणते कार्ड पाठवावे, हेही सुचवावे.

उत्तर 1 : रात्रीची मेल (निवृत्त, अजनी)

ताई, सप्रेम नमस्कार.

मी रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर होतो. धावत्या गाडीच्या डब्यात भिंतभर खण असत आणि दिव्याच्या उजेडात पत्ता वाचून प्रत्येक कार्ड आपापल्या खणात जाई, त्यामुळे माझा कल कोठे असेल, हे आपल्या लक्षात येईलच. कार्ड उघडेच पाठवावे. पाकिटातून आलेले कार्ड दुकानातून आणल्यासारखे कोरे राहते. उघड्या कार्डावर मात्र ते कोठून निघाले, कोणत्या दिवशी निघाले आणि किती हातांतून गेले, याची खूण राहते. शिक्क्यातील गाव आणि तारीख हाच त्या कार्डाचा जन्मदाखला असतो.

मात्र उघडे पाठवायचे तर थोडी काळजी घ्यावी लागते. जेल पेनाची शाई पाण्याने पसरते, म्हणून पत्ता आणि मजकूर बॉलपेननेच लिहावा. चकचकीत कागदावर शिक्क्याची शाई लवकर वाळत नाही आणि वरच्या कार्डाला लागते. त्यामुळे कार्ड टपालपेटीत न टाकता खिडकीवर द्यावे, हाताने शिक्का मारण्याची विनंती करावी आणि दोन मिनिटे वाळू द्यावे. गर्दीची वेळ टाळून गेल्यास बहुतेक कर्मचारी आनंदाने सुबक शिक्का मारून देतात, हा माझा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. परदेशातील सॉर्टिंग यंत्रे कार्डाच्या खालच्या कडेला रेघांची छाप उठवतात, म्हणून तळाशी बोटभर जागा कोरी सोडावी, नाहीतर शेवटची ओळ त्या रेघांखाली जाते. परदेशी कार्डाचा दर बदलत असतो, तो खिडकीवर विचारूनच तिकिटे लावावीत.

पिनकोडचा आळस करू नये. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे मोठे जाणकार होते. 440 पाहिले की नागपूर, 442 पाहिले की वर्धा-चंद्रपूर, हे आम्हाला गावाचे नाव वाचण्याआधीच कळे. पिनकोडच्या आधीच्या काळातील गोंधळाचे आपल्याच भागातले उदाहरण सांगतो. गांधीजी वर्ध्याजवळ ज्या गावी राहत होते, त्याचे मूळ नाव शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातले गजानन महाराजांचे शेगाव आधीच प्रसिद्ध असल्यामुळे गांधीजींचे टपाल तिकडे जाऊ लागले, आणि अखेर 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. टपालाच्या घोळामुळे गावाचे नाव बदलले, हे मी खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला आवर्जून सांगत असे.

उत्तर 2 : जुना छाप (महाल)

वरील उत्तराचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. मी तीस वर्षांपासून जुनी चित्रकार्डे जमवतो आणि माझ्या मते हा निर्णय कार्डागणिक घ्यावा.

सरकारी पोस्टकार्ड जगात पहिल्यांदा 1 ऑक्टोबर 1869 रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले आणि भारतात 1 जुलै 1879 रोजी, पाव आण्याला, आले. आरंभी एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. त्यामुळे त्या काळातील चित्रकार्डांवर मजकूर चित्राच्या कडेने, आभाळाच्या कोऱ्या जागेत किंवा रस्त्याच्या रिकाम्या भागावर दाटीवाटीने लिहिलेला दिसतो. 1902 मध्ये ब्रिटनने मागची बाजू उभ्या रेघेने विभागून डावीकडे मजकूर व उजवीकडे पत्ता लिहिण्याची मुभा दिली आणि इतर देशांनी हळूहळू तीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे तारीख नसलेले कार्ड हातात आले की आम्ही प्रथम ते उलटून ती रेघ शोधतो. मामांच्या गठ्ठ्यांत एखादे चित्रकार्ड असल्यास आपणही तसेच करून पाहावे.

माझ्याकडे मध्य प्रांतातून विलायतेला गेलेले एक कार्ड आहे. त्यावर सातव्या एडवर्डचे तिकीट आहे आणि शिक्का फेब्रुवारी 1911 चा. राजा आदल्या वर्षीच्या मे महिन्यात वारला होता, परंतु पंचम जॉर्जची तिकिटे आपल्याकडे 1911 च्या अखेरीस आली, म्हणून गेलेल्या राजाच्या चेहऱ्यावर नव्या वर्षाचा शिक्का बसला आहे. मागे पेन्सिलने चारच ओळी आहेत : उन्हाळा लवकर लागला, घोडा आजारी आहे, तुझा मफलर अजून पेटीत आहे. हेच कार्ड कोरे राहिले असते, तर मी ते एकदा पाहून ठेवून दिले असते. म्हणजे कार्ड लिहिलेले आणि टपालातून गेलेलेच असावे, याबद्दल माझे व रात्रीची मेल यांचे दुमत नाही. मात्र जे कार्ड आधीच जुने आणि कोरे आहे, त्याची दुसरी प्रत मिळणार नाही. ते देवाणघेवाणीत द्यायचे असेल, तर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाकिटातूनच पाठवावे, मग पत्राचा जास्त दर भरावा लागला तरी चालेल.

आता जतनाविषयी सांगतो, कारण नागपुरात ते सर्वांत अवघड काम आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि घराघरांत कूलर चालतो. कूलरचा ओलसर वारा ज्या खोलीत फिरतो, तेथे कार्डे कधीही ठेवू नयेत. माझा एक अख्खा अल्बम एका उन्हाळ्यात पापडासारखा वाकला आणि त्याच वर्षी पावसाळ्यात त्याला बुरशी आली. तेव्हापासून कार्डे कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर असलेल्या कपाटात, उभी ठेवतो. खिशांचे पीव्हीसी अल्बम स्वस्त मिळतात, पण ते कालांतराने चिकट होतात आणि चित्राचा रंग ओढून घेतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचे खिसे मागून घ्यावेत. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा सगळी कार्डे बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवावीत. मामांच्या गठ्ठ्यांची सुतळी सर्वांत आधी सोडा, कारण ती कडांना कापत जाते. गठ्ठ्यांचा क्रम मात्र मोडू नका. मामांनी तो काही विचाराने लावला असणार.

उत्तर 3 : संत्र्याची फोड (सदर)

ताई, मी फक्त आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते.

नागपूरची छापील चित्रकार्डे दुकानांत सहज मिळत नाहीत, म्हणून मी स्वतः काढलेली छायाचित्रे जाड कागदावर 14 × 9 सेंटिमीटर आकारात छापून घेते. आपल्या साध्या पोस्टकार्डाचा आकार तोच असल्यामुळे ती कोठे अडत नाहीत. झीरो माइलचा दगडी खांब आणि त्याशेजारचे घोडे, दीक्षाभूमीचा घुमट आणि कळमना बाजारातील संत्र्यांचे ढीग, एवढी तीन चित्रे माझ्याजवळ कायम असतात. सर्वांत जास्त उत्तरे संत्र्यांच्या कार्डाला येतात. मागे मी लिहिते की आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार असतात, आंबिया पावसाळा संपता संपता हाती येतो आणि मृग उन्हाळ्याच्या तोंडाशी. जपानमधील एका आजोबांनी त्याला उत्तर म्हणून आपल्या अंगणातील झाडाच्या संत्र्याचे चित्र स्वतः रंगवून पाठवले आणि त्यांच्याकडे ते फळ हिवाळ्यात, शेकोटीशी बसून खातात, असे लिहिले.

रामटेकच्या गडाचे कार्ड पाठवायचे असेल, तर मागे मेघदूताविषयी दोन ओळी अवश्य लिहाव्यात. यक्षाने जेथून मेघाबरोबर निरोप धाडला तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि टपाल खात्याने 2002 मध्ये पंचवीस पैशांचे जे स्वस्त पोस्टकार्ड काढले, त्याचे नावही मेघदूत होते.

पुन्हा : शाईची दौत

आपणा तिघांचे मनापासून आभार. आज सकाळी सातही गठ्ठ्यांची सुतळी सोडली आणि प्रत्येक गठ्ठा वेगळ्या कागदात गुंडाळून क्रमांक घातला. तेव्हा लक्षात आले की मामांनी कार्डे वर्षांप्रमाणे नव्हे, तर माणसांप्रमाणे लावली होती. चौथा गठ्ठा संपूर्ण माझ्या आईच्या अक्षरातला आहे.

त्याच गठ्ठ्यात एक जोडकार्ड निघाले. आईने विचारले आहे, ‘दादा, तब्येत कशी आहे, उलट टपाली कळव’, आणि त्याला जोडलेले उत्तराचे कार्ड कोरेच आहे. मामांनी ते फाडून पाठवले नाही. त्यांनी उत्तर वेगळ्या कार्डावर दिले, की त्याच आठवड्यात स्वतः निघून आईकडे गेले, हे सांगणारे आता घरात कोणी नाही. ते मी कोणालाही देणार नाही आणि त्यावर काही लिहिणारही नाही.

जर्मनीच्या बाईंना मात्र कळवले आहे की आपण उघडीच कार्डे पाठवू, बॉलपेनने लिहू आणि खाली बोटभर जागा सोडू. संत्र्यांचे पहिले कार्ड सोमवारी सकाळी जीपीओच्या खिडकीवर स्वतः नेऊन देणार आहे. फिनलंडच्या सदस्येलाही एक कार्ड वेगळे लिहीत आहे, तिच्या आजीविषयी पुन्हा एकदा सांगण्याची विनंती करणारे.