शेरवुड रेंजर्स योमनरी म्हणजे नेमकं काय? ब्रिटिशांचे शिलेदार म्हणता येईल का?

सातारकर_मास्तर

नमस्कार मंडळी. साताऱ्यात हायस्कूलला इतिहास शिकवतो. २३ सप्टेंबरला हैफाच्या लढाईवर (१९१८, पहिलं महायुद्ध, पॅलेस्टाइनात तुर्कांविरुद्ध) नववीच्या पोरांपुढं अर्धा तास बोलायचंय. जोधपूर लान्सर्स, म्हैसूर लान्सर्स, मेजर दलपतसिंह शेखावत, हे सगळं तयार आहे, पण वाचताना एक नाव सारखं आडवं येतंय, शेरवुड रेंजर्स योमनरी. कार्मेल डोंगरावरच्या तोफांवर म्हैसूरवाल्यांच्या जोडीला यांची पण एक स्क्वाड्रन होती. आता हे लोक कायम पगारी फौजेतले नव्हते, व्हॉलंटियर होते, मुळात स्वतःचे घोडे घेऊन यायचे असं वाचलं आणि डोक्यात लगेच आपले शिलेदारच आले. तर योमनरी म्हणजे ब्रिटिशांचे शिलेदार असं पोरांना सांगितलं तर चालेल का? आणि नॉटिंगहॅमकडचे शेतकरी पॅलेस्टाइनात आपल्या घोडदळाबरोबर पोचले कसे? कुणी नीट वाचलं असेल तर सांगा, घाई नाही, सप्टेंबरला वेळ आहे अजून.

मिरजेचा_वाचक

सर, प्रश्न फार आवडला, लिहितो सविस्तर.

महादजी शिंदे वानवडीला वारले ते १७९४ साल धरा, त्याच वर्षी तिकडं योमनरी सुरू झाली. फ्रान्समध्ये क्रांती होऊन राजाचं डोकं उडालेलं, फ्रेंच कधीही समुद्र ओलांडून येतील ही धास्ती, आणि खडी फौज थोडी. मग पंतप्रधान धाकटा पिट याच्या सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या करायला सांगितलं. घोडदळाच्या तुकड्यांचे अधिकारी म्हणजे तिथले उमराव आणि मोठे जमीनदार, आणि शिपाईगडी म्हणजे सधन शेतकरी, बऱ्याचदा त्याच जमीनदाराची कुळं. घोडा ज्याचा त्याचा. वर्षातून थोडे दिवस कवायत, बाकी आपापली शेती. बदल्यात घोड्यावरचा कर माफ आणि मिलिशियाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या राखीव पायदळाच्या, सक्तीच्या भरतीतून सुटका. नॉटिंगहॅमशायरची योमनरी, जिचं पुढं शेरवुड रेंजर्स झालं, ती याच पहिल्या वर्षातली.

फ्रेंच आले पण खरोखर, १७९७ च्या फेब्रुवारीत, वेल्समध्ये फिशगार्डला. लॉर्ड कॉडॉर पेम्ब्रोक योमनरी आणि बाकीची जमेल ती माणसं घेऊन गेला आणि दोन दिवसांत फ्रेंचांनी शस्त्रं टाकली. मोठी लढाई अशी झालीच नाही, तरी पेम्ब्रोक योमनरीच्या नावावर फिशगार्ड हा युद्धसन्मान आजही आहे, ब्रिटनच्या भूमीवरचा असा सन्मान दुसऱ्या कुठल्या चालू पलटणीकडं नाही.

योमनरीला देशाबाहेर पाठवायची सक्ती करता येत नव्हती, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, एका आठवड्यात ब्रिटिशांना तीन ठिकाणी झोडपलं, स्टॉर्मबर्ग, माखर्सफाँटेन आणि कोलेन्सो, आणि मग लंडनला कळलं की घोड्यावरून फिरणाऱ्या बंदूकवाल्या शेतकऱ्यांपुढं आपल्यालाही तसलीच माणसं लागणार. म्हणून इम्पीरियल योमनरी नावाची वेगळी फौज काढली आणि योमनरीतल्या ज्यांना जायचं त्यांना त्यात घेतलं, शेरवुड रेंजर्सची माणसंही गेली. १९०८ मध्ये युद्धमंत्री हाल्डेनच्या सुधारणांत सगळी योमनरी टेरिटोरियल फोर्समध्ये, म्हणजे देशरक्षणाच्या अर्धवेळ फौजेत, घातली, तरी परदेशी जायचं की नाही हे तेव्हाही माणसाच्या सहीवर होतं. १९१४ ला बहुतेकांनी सही केली.

पॅलेस्टाइनचं उद्या लिहितो, ते मोठं आहे.

माणदेशी_घोडा

मास्तर, शिलेदार म्हणू नका, माझं स्पष्ट मत. घोडा स्वतःचा एवढंच काय ते सारखं.

आमच्या माणदेशात भीमथडीच्या तट्टांच्या गोष्टी अजून म्हातारी माणसं सांगतात, बारीक चणीचं, काटक, कडबा खाऊन राहणारं आणि घाटात पाय न चुकणारं जनावर, त्याच्यावर मराठी फौजा नर्मदेपार गेल्या. शिलेदार म्हणजे घोडा, हत्यार, खोगीर सगळं घरून घेऊन चाकरीला लागलेला माणूस आणि त्या चाकरीवर त्याचं घर चालायचं. घोडा पडला की नुसता घोडा गेला नाही, रोजगार गेला, कर्ज काढून दुसरा घ्यायचा. बारगिराचं तसं नाही, त्याला घोडा सरकारी पागेतला. महाराजांचा भर पागेवर होता तो याचसाठी, कारण ज्याचा घोडा स्वतःचा तो ऐन धुमाळीत जनावर जपायला बघणारच, त्यात त्याचा काय दोष?

योमनरीतल्या माणसाची चूल काही त्या घोड्यावर पेटत नव्हती. त्याची शेती पक्की, घोडा कोल्ह्याच्या शिकारीला लागायचाच, वरून गणवेश आणि गावात मान. तलवार पोटासाठी धरणारा एक आणि इस्टेटीच्या रक्षणासाठी धरणारा एक, दोघांना एका नावात कसं बसवणार?

शिलेदारी खरी उतरली कुठं ते सांगतो. कंपनी सरकारनं आपलीच पद्धत उचलली आणि हिंदुस्थानी घोडदळाला सिलदार घोडदळ म्हणाले. रेजिमेंटमध्ये येताना स्वारानं घोड्याचे आणि सामानाचे पैसे भरायचे, त्याची जागा म्हणजे असामी, पगार थोडा जास्त पण त्यातून घोड्याचा दाणागोटा त्यानंच बघायचा. दोन स्वारांत मिळून एक तट्टू नाहीतर खेचर आणि एक घासवाला. शांततेत हे झकास चालायचं, पण पहिल्या महायुद्धात घोडे इतके मरायला लागले की स्वारानं बदली घोडा आणायचा कुठून, शेवटी सरकारलाच सगळं पुरवावं लागलं आणि युद्धानंतर ती पद्धत बंद केली.

म्हंजे हैफाच्या वेळेला ना योमनरीवाल्याचा घोडा स्वतःचा राहिला होता ना सिलदाराचा, दोघंही सरकारी घोड्यावर. हे मात्र पोरांना सांगा.

खटावची_लेक

मास्तर, वरच्या दोघांनी छान लिहिलंय पण फौजेचा इतिहास म्हणून फक्त लढायाच आल्या. योमनरीचं निम्मं आयुष्य परक्या शत्रूशी लढण्यात गेलंच नाही, स्वतःच्या गरिबांना आवरण्यात गेलं. पोलीस नव्हते तेव्हा, दंगा झाला, धान्य महागलं म्हणून लोक रस्त्यावर आले, की मॅजिस्ट्रेट योमनरीला बोलवायचा.

१६ ऑगस्ट १८१९, मँचेस्टर, सेंट पीटर्स फील्ड. मताचा हक्क मागायला साठेक हजार माणसं जमली होती, बायका पांढरे कपडे घालून पोरंबाळं घेऊन आलेल्या, हातात निशाणं. हेन्री हंट बोलायला उभा राहिला आणि मॅजिस्ट्रेटनी त्याला पकडायला मँचेस्टर अँड सॅलफर्ड योमनरी पाठवली. यातले बरेच जण तिथलेच दुकानदार, दारूचे गुत्तेवाले, गिरणीवाल्यांची पोरं, म्हणजे समोरच्या गर्दीतली तोंडं त्यांच्या ओळखीची. तलवारींना आधीच धार लावून ठेवलेली. मैदानाकडं धावत येणाऱ्या एका घोडेस्वाराच्या धक्क्यानं आईच्या कडेवरचं दोन वर्षांचं पोर, विल्यम फिल्डेस, खाली पडून मेलं, त्या दिवसाचा पहिला बळी तो. नंतर योमनरी गर्दीत अडकली आणि तलवारी चालवायला लागली, मागून १५ वी हुसार, म्हणजे खड्या फौजेचं घोडदळ, आली. १५ ते १८ माणसं गेली, शेकड्यांनी जखमी. वॉटर्लूचं नाव फिरवून लोकांनी त्याला पीटरलू म्हटलं.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इकडं इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांशी साताऱ्याचा तह केला, तारखा शेजारी ठेवून बघा.

मी वडूजची. ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या तहसील कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला आणि गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे हुतात्मे झाले. निःशस्त्र मोर्चावर हत्यार चालवायचा हुकूम देणारा मॅजिस्ट्रेट मँचेस्टरला कसा होता हे खटाव तालुक्यातल्या पोराला वेगळं समजवावं लागणार नाही. शेरवुड रेंजर्स पीटरलूला नव्हते, हे मी आधीच सांगते, उगाच त्यांच्या माथी नको. पण योमनरी म्हणजे काय असा प्रश्न असेल तर पीटरलू वगळून उत्तर देता येत नाही.

सातारकर_मास्तर

ताई, मनापासून आभार. शिलेदार शब्द काढतो. पीटरलूला पाच मिनिटं देतो, ती हैफामधून कापावी लागली तरी चालेल. मिरजकर, पॅलेस्टाइनची वाट बघतोय.

मिरजेचा_वाचक

हो सर, लिहितोच. ताई, तुम्ही लिहिलंत ते गरजेचं होतं.

शेरवुड रेंजर्स १९१५ ला इजिप्तमध्ये उतरले, घोडे तिथंच ठेवायला लागले आणि माणसं ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात गॅलिपोलीला पायदळ म्हणून गेली, सुव्हाच्या बाजूला, सिमिटर हिलच्या हल्ल्यात. मग ग्रीसमध्ये सलोनिका, मग १९१७ ला पॅलेस्टाइन, परत घोड्यावर. त्या नोव्हेंबरात हूज गावाजवळ वॉरिकशायर आणि वूस्टरशायर योमनरीनं उघड्या मैदानातून तोफांवर सरळ घोडे घातले आणि तोफा घेतल्या, पण माणसंही फार पडली. हातात १९०८ च्या नमुन्याची तलवार, ती हातात घेऊन बघायला मिळाली तर बघा, सरळ, अरुंद पातं, मूठ झाकणारी मोठी वाटी, वार करायला जवळजवळ निरुपयोगी, घोड्याच्या वेगात हात ताठ ठेवून फक्त भोसकायची. मैलोगणिक पाणी नाही आणि घोडे दोन-दोन दिवस तहानलेले, अशा अवस्थेत ही घोडदौड.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी फ्रान्समध्ये मोठा हल्ला केला, तिथं माणसं कमी पडली म्हणून पॅलेस्टाइनातला ब्रिटिश सेनापती अॅलनबी याच्या बऱ्याच योमनरी पलटणी घोडे काढून घेऊन मशिनगनवाले म्हणून फ्रान्सला धाडल्या. त्यांच्या जागी फ्रान्समधलंच हिंदुस्थानी घोडदळ इकडं आणलं आणि नवीन ब्रिगेडा बांधल्या, साधारण एका योमनरीला दोन हिंदुस्थानी रेजिमेंट. शेरवुड रेंजर्स १४ व्या कॅव्हलरी ब्रिगेडमध्ये आले आणि त्यांच्या जोडीला कोण, तर २० वी डेक्कन हॉर्स आणि ३४ वी पूना हॉर्स! पूना हॉर्स म्हणजे १८१७ च्या पुणे करारातून, बाजीराव पेशव्यांच्या खर्चानं इंग्रजांनी उभी केलेली फौज, आणि १९७१ ला बसंतरला अरुण खेत्रपाल लढले ती हीच. जोधपूर, म्हैसूर, हैदराबादची १५ वी ब्रिगेड पण त्याच ५ व्या कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये. म्हणून हैफावर जाताना शेरवुडची एक स्क्वाड्रन त्यांना जोडून दिली. जोधपूरवाले खाली गावाकडं घुसले, म्हैसूर आणि शेरवुडवाले कार्मेलच्या चढावरच्या ऑस्ट्रियन तोफांकडं. दलपतसिंह पडले, गाव हातात आलं, सुमारे १३५० कैदी सापडले.

वाळव्याचा_पोरगा

मास्तर थोडी भर. हीच शेरवुड रेंजर्स दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या सुरुवातीला परत घोडे घेऊनच पॅलेस्टाइनला गेली होती. मग घोडे गेले, तोब्रुक आणि क्रीटला किनाऱ्यावरच्या तोफा चालवल्या, नंतर रणगाडे मिळाले आणि १९४२ ला एल अलामेन. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत गोल्ड बीचवर पाण्यात तरंगणारे शर्मन रणगाडे घेऊन उतरणाऱ्यांत हे होते. कवी कीथ डग्लस यांच्यातलाच, तीन दिवसांनी तिथंच मारला गेला, वय २४. आज रॉयल योमनरीत त्यांची स्क्वाड्रन आहे, अजूनही नोकरीधंदा सांभाळून येणारी माणसं.

माणदेशी_घोडा

आणि मास्तर, दिल्लीच्या तीन मूर्तीचा फोटो दाखवणार असाल तर तेवढं सांगा, त्या तीन मूर्ती जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानी लान्सर्सच्या आहेत. पूना हॉर्सवाले आणि डेक्कन हॉर्सवाले त्याच डिव्हिजनमध्ये होते, ते त्या चौथऱ्यावर नाहीत, त्यांचं नाव तुम्हीच वर्गात घ्या.